जहूरभाईंच्या श्वासाचा आकडा

१४ जून २०१५, रविवार

सतरा वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, चार वर्षं मस्कतला घरी बसले, आणि आज पुन्हा कामावर निघताना पर्समध्ये रुमाल आहे की नाही ते तीनदा पाहिलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी!

कुरुमच्या दवाखान्यात डॉ. मुनीर यांनी एक पाहणी हाती घेतली आहे. सिगारेट सोडून फक्त वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, ओढणारे लोक एका बाजूला. वेप आली तरी सिगारेट न सुटलेले दुसऱ्या बाजूला. दोघांच्या शरीरात धूर किती उरतो ते बघायचं. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र आहे. दम रोखून मनात पंधरा मोजायचे, मग नळीत सावकाश फुंकायचं; पडद्यावर आकडा येतो. जळत्या तंबाखूतला कार्बन मोनॉक्साइड मोजतं ते. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून नुसत्या वेपने आकडा चढत नाही. सहाच्या आत म्हणजे सिगारेट न ओढणारा. दहाच्या पुढे म्हणजे सिगारेट आलीच. मी फुंकलं. एक.

"आपके कोंकणवाले मेरे सामने सच नहीं बोलेंगे, रेवाजी. आप से बोलेंगे," डॉक्टर म्हणाले. त्यांची आई हैदराबादला हॉस्पिटलात आहे. ते उद्या निघताहेत, ईदनंतर परत. तोवर आकडे मी मेलने पाठवायचे.

माझा नवरा प्रशांत महिन्यातले पंधरा दिवस दुकमच्या साइटवर असतो. फोनवर म्हणाला, "म्हणजे आता तू लोकांची तोंडं हुंगत फिरणार." मी हसले. पण किती दिवसांनी माझ्याकडे सांगायला काही होतं.

१६ जून

पाहणीच्या अर्जात अठ्ठावीस प्रश्न. मराठीत आणले आणि वादी अदाईला जहूरभाईंच्या दुकानात जाऊन वाचून दाखवले. जहूरभाई शिंपी, मूळचे जयगडचे. ओमानी लोकांच्या दिशदाशा, ते पायघोळ झगे, शिवतात. प्रशांतच्या पँटी आखूड करायला मीच त्यांच्याकडे जात असे, तेवढीच ओळख. बावीस वर्षं एकाच अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दुकानात. मशीनच्या पेडलवरचा त्यांचा उजवा पाय आज चपलेबाहेर होता आणि अंगठ्याला पट्टी.

"साखर हाय ना ताई, भरत नाय. मोठ्या डॉक्टरनी सांगितलंय, मांडीतनं खाली रक्त नेणारी नळी तुंबलीय. तिला वळसा घालून दुसरी बसवायची. पण सिगारेट महिनाभर पुरती बंद असली तरच. नायतर बसवलेली पण तुंबते."

"आणि मग?"

"मग काय, एका पायाचा शिंपी कोण ठेवतो? खलास. विसाही गेला, दुकानही."

म्हणूनच त्यांनी वेप घेतली. भाचा दुबईहून आणून देतो. दिवसाला वीस सिगारेटींवरून तीन-चारवर आलेत. या पाहणीत त्यांना मी 'दोन्ही'च्या यादीत घातलं.

प्रश्न वाचता वाचता तेविसाव्यावर आले: शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले? जहूरभाईंनी कात्री खाली ठेवली.

"परवापासून रमजान. तुमी लोकांना भेटणार कधी?"

"पाच ते सहा. तेव्हाच सगळे मोकळे असतात ना?"

"मग संध्याकाळी पाच वाजता रोजेदाराला विचारणार, तू सिगारेट कधी ओढलीस?" ते हसत होते, पण मला कानाला धरून उभं केल्यासारखं झालं. कुणाच्या रोज्यावर संशय घ्यायचा तो प्रश्न. घरी येऊन तो काढून टाकला. हात फिरताच होता म्हणून आणखी अकरा कंटाळवाणे प्रश्नही काढले. आता सोळा, एका पानात बसले. इतक्या वर्षांच्या शिकवण्याने एवढं तरी कळतं, की समोरच्याचा मान राखला तर तो बोलतो.

२१ जून, रविवार

आजचा दिवस चांगला गेला.

रोज्याचा चौथा दिवस. साडेपाचला दुकानात पोहोचले. बाहेर अजून चव्वेचाळीस अंश. ईदच्या दिशदाशांचे ढीग, कारागिरांचे ओठ सुकलेले. जहूरभाईंनी नळी तोंडाला लावण्याआधी विचारून घेतलं की याने रोजा तुटत नाही ना. मी सांगितलं, आत काहीच जात नाही, नुसतं बाहेर येतं.

"एवढा दम लग्नात सनईत फुंकला असता तर बायको खूश झाली असती," म्हणाले आणि फुंकलं.

चार.

मला वाटलं चुकलं असेल. पुन्हा. चार. दिवसाला तीन-चार सिगारेटी ओढणाऱ्याचा आकडा न ओढणाऱ्यासारखा! मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग लगेच फोन काढून जयगडला बायकोला, अमीरुन्निसाभाभींना, व्हिडिओवर घेतलं. "ऐक, ताय काय सांगते ती." भाभी ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं, "भाभी, यांच्या श्वासात धूर जवळजवळ नाहीच." त्या रडायलाच लागल्या. जहूरभाई म्हणाले, एका कागदावर लिहून द्या, मोठ्या डॉक्टरला दाखवतो. मी दिलं: नाव, तारीख, आकडा ४, खाली सही.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या आजारपणात मला त्यांना सांगायला एकही चांगली गोष्ट मिळाली नव्हती. रिक्षातून आणलेले सगळे रिपोर्ट मी वाचायचे आणि गप्प बसायचे. आज घरी येताना ते आठवलं, पण वाईट वाटलं नाही.

२४ जून

फक्त वेपवाले नऊ जण झाले: दोन, तीन, तीन, दोन… दोन्हीवाले सात: चार, पाच, तीन, पाच… फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे थोड्या सिगारेटी राहिल्या तरी वेप त्यांचं विष मारून टाकते की काय? असं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण पुस्तकात नसलेलं शोधायलाच तर पाहणी करतात.

प्रशांतचा फोन. "आमच्याकडे चारनंतर कुणाशी बोलायची सोय नाही. पहाटेपासून सिगारेट नाही, सगळे तलफेने पिसाळलेले. परवा फोरमनने माझ्यावर हेल्मेट फेकलं." मी म्हटलं, मी चारनंतरच तर भेटते, माझ्याशी किती गोड बोलतात. तो म्हणाला, "तू बाई आहेस म्हणून."

२८ जून, रविवार

आज एकाने सगळा दिवस घालवला.

गजेंद्र. एसी दुरुस्त करतो, संगमेश्वरकडचा, तिशीतला. जहूरभाईंच्याच मजल्यावर राहतो, बाजूच्या खोलीत. त्याने सांगितलं, तीन-चार सिगारेटी आणि वेप. जहूरभाईंचंच पाकीट, म्हणे; दोन-तीन दिवसांनी एक जण घेऊन येतो आणि दोघं अर्धं-अर्धं घेतात. फुंकलं. अठरा.

मी म्हटलं, "गजेंद्र, खरं सांगितलंत तरी तुमचं नाव कुठे जाणार नाही. दहा-बारा होतात ना दिवसाला?"

"चार म्हनलो ना."

"चारने अठरा येत नाही."

"मग जहूरचाचाचा कसा काय चार आला ओ? एकाच पाकिटातल्या हायत, म्याडम. माज्यात काय वायला तंबाखू भरतात?"

मी शांतपणे सांगितलं की यंत्र माणूस बघून आकडा देत नाही. तो उठला. "हां. यंत्र खरा, चाचा खरा, तुमी खऱ्या. गजा तेवढा खोटा." जाताना दारातून वळून म्हणाला, "मी आत्ता तासाभरापूर्वी गाडीत काचा लावून वढलीय. लोकांच्या डोळ्यांसमोर वढत न्हाय, रमजानात तसा कायदा हाय म्हनून. लिवा ते पन." मी लिहिलं नाही, त्याला रकानाच नव्हता.

त्याच्या ओळीसमोर 'उत्तर विश्वासार्ह नाही' असं लिहिलं आणि त्याला हिशेबातून वगळलं. लिहिताना थोडं खुपलं. तो चिडका आहे, म्हणून मला तो खोटा वाटला का? पण आकड्याचं काय करणार.

५ जुलै

डॉक्टरांचा मेल: "रेवाजी, ये तो बहुत दिलचस्प है." दुबईतल्या परिषदेसाठी त्यांनी सारांश पाठवूनही दिला. माझं नाव खाली आहे. मी तो मेल प्रशांतला वाचून दाखवला, मग एकटीनेच पुन्हा वाचला.

दुसरी बातमी जास्त मोठी. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने जहूरभाईंना २९ जुलै तारीख दिली. आधी ते तयार नव्हते, म्हणे. मग जहूरभाईंनी सांगितलं की फक्त वेप ओढतो, आणि माझा कागद पुढे केला.

"फक्त वेप? पण तुमच्या सिगारेटी…"

"ताई, आकडा चार हाय ना? मग असल्या काय, नसल्या काय."

यावर मी काही बोलायला हवं होतं का? कागदावर मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. आकडा होता तोच लिहिला.

अमीरुन्निसाभाभी ईदला इथे येणार होत्या, व्हिजिट विसाचे कागद भरून ठेवले होते. त्यांनी मला विचारलं, "रेवाताय, तू सांग. येऊ की नको? घरात सासू हाय, तिला टाकून यायचं." मी म्हटलं, "भाभी, काळजीचं काही नाही. ऑपरेशन झालं की तेच येतील चालत." त्यांनी यायचं रद्द केलं.

९ जुलै, गुरुवार

जहूरभाई पट्टी बदलत होते तेव्हा आज पाहिलं. अंगठ्याच्या टोकाला काळपट डाग. वासही होता; कापडाच्या खळीचा आणि अत्तराचा वास असूनही आला.

"काळं कधीपासून?"

"चार दिवस. पेडलचा मार बसतो."

त्यांच्या खिशात पाकीट होतं. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं आणि मोकळेपणाने सांगितलं, "इफ्तारनंतर सात-आठ होतात आता. ईदचं काम, बसावं लागतं पहाटेपर्यंत. पण तुमचं यंत्र हाय ना पहारेकरी. घ्या, बघा."

 तीन-चारच्या जागी आठ. संध्याकाळचे पावणेसहा. त्यांनी फुंकलं.

पाच.

"बघा! एकाचाच फरक!" माझ्याहून तेच जास्त खूश. मीही सुटकेचा श्वास टाकला. तरीसुद्धा म्हटलं, "जहूरभाई, तारखेपर्यंत कमी करा ना." ते म्हणाले, इन्शाल्ला. ते शब्द त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटले, एवढं मला कळलं.

तो डाग डोळ्यांसमोरून जात नाही. पण आकडा पाच आहे. मी हे दोनदा का लिहिते आहे?

१८ जुलै, शनिवार. ईद.



सकाळी साडेदहाला शिरखुर्म्याचं आमंत्रण होतं. जहूरभाईंच्या खोलीत सात-आठ माणसं, सगळी जयगड-रत्नागिरीची, नवे कपडे घालून. खालच्या मजल्यावरचे हुसैनमियाँ, म्हातारे, त्यांना लोडाशी बसवलेलं. गजेंद्रही होता, दाराजवळ, माझ्याकडे न बघता. मी मुबारकबाद दिली. पर्समध्ये यंत्र होतं. पर्समध्येच असतं ते हल्ली.

"ताई, आणलंय ना? मियाँना दाखवायचं हाय. त्यांना पटत नाय."

मी म्हटलं, आज राहू दे, सण आहे. "सण हाय म्हणूनच!" सगळे हसले. त्यांनी नळी लावली, एका हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, आणि मी पंधरा मोजले.

तेवीस.

त्यांनी पडदा बघितला. मी बघितला. हुसैनमियाँ म्हणाले, "किती? किती आला?"  मला गजेंद्रचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "बॅटरी उतरली आहे."

बॅटरीच्या चारही रेघा भरलेल्या होत्या. जहूरभाईंना त्या दिसत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मोठ्याने म्हणाले, "यंत्रालासुद्धा ईदची सुट्टी पाहिजे!" खोली पुन्हा बोलायला लागली. मला वाटी दिली, मी खाल्लं. चव आठवत नाही.

जिन्यात गजेंद्र मागून आला. "म्याडम. चाचा आज सकाळपास्नं पाच वढलाय. महिन्यानंतर पहिल्यांदा दिवसा वढतोय ना."

महिन्यानंतर पहिल्यांदा दिवसा. हे वाक्य घेऊन मी गाडीत बसले, आणि रुवीच्या पुलापर्यंत येईतो मला सगळं कळलं होतं.

१९ जुलै

यंत्राबरोबरचं पुस्तक उघडलं. आठवं पान. शरीरातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो. आणखी चार-पाच तासांत त्याच्या निम्मा.

सहेरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, पहाटे पावणेचारच्या आधी संपते. मी भेटायचे साडेपाचला. जवळजवळ चौदा तास. संध्याकाळी चार म्हणजे पहाटे तीस असला पाहिजे. मी त्यांचे श्वास अशा वेळी मोजले, जेव्हा गावातल्या प्रत्येक रोजेदाराची छाती दिवसभराच्या उपासाने धुऊन निघालेली होती. वेप, सिगारेट, दोन्ही. सगळे सारखेच दिसणार. वेपने काहीही मारलेलं नाही.

खरा आकडा देणारा एकच माणूस भेटला, रोजे नसलेला. त्याला मी खोटा ठरवून वगळलं.

आणि तेविसावा प्रश्न. तो काढून टाकताना मला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं! मागची पानं वाचली. खाडाखोड करावीशी वाटली, केली नाही.

पण पाहणी मरू दे. दहा दिवसांनी त्यांच्या पायाला चीर देऊन त्यात नवी नळी घालणार आहेत, आणि सर्जनच्या फाइलमध्ये माझ्या सहीचा कागद आहे.

सांगितलं तर तारीख जाईल. अंगठा काळा पडतो आहे आणि तारीख जाईल. न सांगितलं तर नळी तुंबेल. कदाचित तुंबणार नाही. कदाचित आठ-दहा दिवस ते स्वतःच बंद करतील. सकाळपासून या 'कदाचित'च्या भोवती फिरते आहे.

२० जुलै

डॉक्टरांना हैदराबादला फोन केला. सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "टाइम का कॉलम आपने निकाला?"

"हो. मीच काढला." हिंदीत बोलायचं भान राहिलं नाही.

"मैं भी रोज़े में था, रेवाजी. मुझे भी नहीं सूझा. आँकड़े देखे, घड़ी नहीं देखी." सारांश ते आजच परत मागवताहेत. सगळी मापं पुन्हा, सकाळी, वेळ लिहून. मग म्हणाले, "वो आदमी मेरा पेशंट नहीं है. उसको आप बताइए. आज."

आज नाही जमलं. गाडी वादी अदाईच्या वळणापर्यंत नेली आणि परत आणली.

२१ जुलै

गेले. दुकानात जहूरभाई एकटेच होते, कारागीर सुट्टीवर. बोलायला सुरुवात केली तर त्यांनी मशीन चालू केलं. मी थांबले. शिवण संपली, दोरा तोडला, तेव्हा सांगितलं. प्रश्न, रोजा, तास, सगळं.

"म्हणजे तो चार खोटा?"

"चार खरा होता. त्याचा अर्थ मी खोटा सांगितला."

"मना सुशिक्षित बोलणं नको." आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "तुमी सांगितलंत म्हणून मी वाढवल्या. चारच्या आठ. मी अंगठाछाप माणूस, यंत्र बघून चाललो. बायकोला तुमी सांगितलंत येऊ नको. सांगितलंत ना?"

"हो."

"आता काय पाहिजे?"

"उद्या-परवा सर्जनकडे जाऊ. मी येते. तो कागद चुकीचा आहे असं मी सांगते."

"आणि तारीख?"

"जाईल बहुतेक."

त्यांनी पाय पेडलवरून उचलून दोन्ही हातांनी स्टुलावर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "तुमचं मन हलकं करायला माझी तारीख घालवणार तुमी."

ते थोडं खरं होतं. मी म्हटलं, "तुमच्याशिवाय मी डॉक्टरांकडे जाणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच." आणि बाहेर आले.

खाली गजेंद्र एसीचा बाहेरचा डबा धूत होता. त्याची माफी मागितली. पाण्याचा पाइप हातातच ठेवून म्हणाला, "माफी राहू द्या. त्या वळीवर काय लिवलं व्हतं ते खोडा आधी." खोडलं, त्याच्यासमोरच. त्याने वाकून बघितलं. मग म्हणाला, "चाचा कुनाचा ऐकत न्हाय. पन ईदपास्नं त्याच्या वाटनीच्या पाकिटात तशाच पडून हायत. मी मोजतोय."

मला हे ऐकून बरं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात मी स्वतःला आवरलं. तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

२३ जुलै, गुरुवार

सकाळी सातला जहूरभाईंचा फोन. "गाडी आणा." बाकी काही नाही.

 सर्जन ओमानी, पण हिंदी छान बोलतात. फाइल उघडली, वर माझा कागद. अंगठा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग सरळ विचारलं, "आख़री सिगरेट कब पी?"

मी काढून टाकलेला प्रश्न. मी खुर्चीची कडा घट्ट धरून बसले. ते सांगतील तेव्हाच बोलायचं असं वचन दिलं होतं, आणि ते नाही बोलले तर मी बोलणार होते. जहूरभाई माझ्याकडे बघत नव्हते.

"कल," ते म्हणाले. "कल शाम, मग़रिब के बाद, एक. परसों दो. उसके पहले ईद की दोपहर से बंद था. रमज़ान में आठ-आठ."

म्हणजे मी सांगून आल्यावर दोन. मी सांगितलं त्याच दिवशी.

मग मी माझं सांगितलं. सर्जनने कागद फाइलमधून काढला, आडवी रेघ मारली, मला खाली तारीख घालायला लावली. २९ तारीख रद्द. अंगठा सोमवारी काढायचा, तो आता जाणारच होता. नळीचं सहा आठवड्यांनी बघू; दर आठवड्याला सकाळी येऊन फुंकायचं, इथे, त्यांच्यासमोर. पाय?

"मैं वादा नहीं करता," सर्जन म्हणाले.

बाहेर लिफ्टपाशी जहूरभाई भिंतीला टेकले. "तुमी तिथे बसला नसता तर मी खोटं बोललो असतो." मी काही म्हणणार तर हात वर केला. "आणखी एक. यापुढे मना चांगलं काय सांगू नका. जे असेल ते सांगा."

२५ जुलै, शनिवार

अमीरुन्निसाभाभींचा फोन दोन दिवस मी उचलला नव्हता. आज उचलला. जहूरभाईंनी त्यांना अंगठ्याचं सांगितलं होतं, बाकीचं माझ्यावर सोडलं होतं. मी पहिल्यापासून सांगितलं. मागे ओटीवर कुणीतरी सुपात काहीतरी पाखडत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

मग म्हणाल्या, "रेवाताय, एकच सांग. त्यांचा पाय ऱ्हाईल ना?"

जिभेवर आलं होतं. राहील हो, सर्जन चांगले आहेत, ते आता जवळजवळ ओढत नाहीत, मध्ये तीन दिवस तर पूर्ण बंद होती. सगळं तयार होतं, एका ओळीत बसवलेलं.

"भाभी, मला माहीत नाही."

पाखडणं थांबलं. बहुतेक त्यांनीच हाताने थांबवलं असावं. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून दूर घेऊन बघितला. सेकंद चालूच होते.

"मग मी येतंय," त्या म्हणाल्या. "पाय ऱ्हाईल असं सांगितलंस तेव्हा घरी बसले. आता कोणाला माहीतच नाय, तर कोणीतरी तिथं बसाया नको?"

सासूला त्यांची नणंद बघेल. त्यांनी विचारलं, तिथे खोलीत चूल आहे की नुसता हीटर, आणि हॉस्पिटलात घरचं जेवण नेऊ देतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, ते दिलं. पहिल्यासाठी गजेंद्रला फोन केला.